यामातो, आयोवा, बिस्मार्क: सर्वांत मोठी कोण आणि सर्वांत ताकदवान कोण?

अंजनवेल (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या तीन बॅटलशिप (जाड चिलखताच्या, मोठ्या तोफांच्या युद्धनौका): जपानची यामातो, अमेरिकेची आयोवा, जर्मनीची बिस्मार्क. यामातोची लांबी २६३ मीटर होती. आपली नवी विमानवाहू नौका विक्रांत २६२ मीटर आहे, म्हणजे लांबीला दोघी जवळपास सारख्या. पण विक्रांतचं वजन ४५,००० टनांच्या आसपास आणि पूर्ण भरलेल्या यामातोचं सुमारे ७२,००० टन. हा जास्तीचा भार मुख्यतः चिलखताचा आणि तोफांचा. इतकी वजनदार बॅटलशिप तिच्या आधी कुणी बांधली नव्हती आणि नंतरही बांधली नाही. त्यामुळे 'सर्वांत मोठी कोण' याचं उत्तर एका ओळीत संपतं: यामातो आणि तिची जुळी बहीण मुसाशी. (लांबीने अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या नौका थोड्या मोठ्या, २७० मीटर.)

'सर्वांत ताकदवान कोण' हा प्रश्न मात्र सोपा नाही, आणि धागा त्यासाठीच काढतोय.

आधी तोफा पाहू. सगळ्या मुख्य तोफा एका बाजूला वळवून एक फैर झाडली तर किती पोलाद जातं? १९०६च्या ब्रिटिश ड्रेडनॉटच्या दहापैकी आठ तोफा एका बाजूला वळत, फैर सुमारे ३ टन. बिस्मार्कच्या ३८ सेंमीच्या आठ तोफा, गोळा ८०० किलोचा, फैर ६.४ टन. आयोवाच्या ४०.६ सेंमीच्या नऊ, गोळा १,२२५ किलोचा, फैर ११ टन. यामातोच्या ४६ सेंमीच्या नऊ, गोळा १,४६० किलोचा, फैर १३ टनांहून थोडी जास्त. पल्ला ४२ किमी. ड्रेडनॉटपासून यामातोपर्यंत पस्तीस वर्षांत फैर चौपटीवर गेली.

जपानने हे का केलं? १९२२च्या वॉशिंग्टन तहाने अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ५:५:३ ठरवलं होतं. संख्येत अमेरिकेला गाठणं जपानी उद्योगांना तहाशिवायही झेपलं नसतं. मग एकेक नौकाच अशी बांधायची की समोरच्या दोघी-तिघींना पुरून उरेल, असं ठरलं. त्यात पनामा कालव्याचा हिशेब होता. कालव्याचे दरवाजे तेव्हा ३३.५ मीटर रुंदीचे. अमेरिकेला आपल्या नौका दोन्ही महासागरांत न्यायच्या, तर रुंदी त्याच्या आत ठेवावी लागणार, आणि तेवढ्या रुंदीत ४६ सेंमीच्या तोफा पेलणार नाहीत. तर्क अचूक होता. आयोवा ३३ मीटर रुंद झाली, यामातो ३८.९ मीटर.

गुप्तता तर विलक्षण. कुरेला यामातोच्या गोदीवर छप्पर घातलं. नागासाकीला मुसाशीभोवती घायपाताच्या दोरांचे पडदे सोडले, आणि त्यासाठी इतका दोर उचलला गेला की कोळ्यांना जाळ्यांसाठी टंचाई भासू लागली. कागदोपत्री तोफांना '४० सेंमी' म्हणत. खरं माप अमेरिकेला नीट कळलं ते युद्ध संपल्यावर.

आता माझं मत. ताकद गोळ्याच्या वजनात मोजू नये, लागलेल्या गोळ्यांत मोजावी. २७ किमीवर गोळा पोहोचायला पन्नासेक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात २७ नॉटने (तासाला सुमारे ५० किमी) जाणारी नौका ७०० मीटर पुढे गेलेली असते, स्वतःच्या लांबीच्या अडीच पट. म्हणजे तुम्ही नौकेवर नेम धरतच नाही, ती पाऊण-एक मिनिटाने जिथे असेल त्या रिकाम्या पाण्यावर धरता. त्यासाठी शत्रूचा वेग, दिशा, आपला वेग, वारा, तोफेची झीज, लाटांवरचं डोलणं हे सगळं एकत्र गणित करून द्यावं लागतं. आयोवावर ते काम दातेरी चाकं आणि कॅम यांनी बनलेलं यांत्रिक गणकयंत्र करायचं, आणि त्याला अंतर रडार पुरवायचं. गोळे पाण्यात पडल्यावर उडणारे फवारेही रडारवर दिसत, त्यामुळे रात्री, धुक्यात, धुराच्या पडद्याआडही नेम सुधारता येई. यामातोकडे १५ मीटर रुंदीची उत्कृष्ट दुर्बीण-अंतरमापकं होती, पण रडार या कामाला तितकं पक्कं नव्हतं.

म्हणून माझं मत आयोवाला. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच इथे जमलोय.

वेताळटेकडी

धागा आवडला. मत अजिबात पटलं नाही.

तुम्ही चिलखताचा उल्लेख एका शब्दात उरकलात, आणि बॅटलशिप म्हणजे मुळात चिलखत. यामातोचा मुख्य पट्टा ४१० मिमी जाडीचा आणि तिरपा, आयोवाचा ३०७ मिमी. तोफांच्या बुरुजांची समोरची बाजू यामातोची ६५० मिमी. आजवर कुठल्याही नौकेवर एवढी जाड पाटी बसलेली नाही. बॅटलशिपच्या आखणीत एक जुना नियम होता: स्वतःच्या तोफांचा मारा स्वतःला ठरावीक अंतरांदरम्यान सोसता आला पाहिजे. यामातो ४६ सेंमीच्या गोळ्याविरुद्ध या नियमात बसते. आयोवाचं चिलखत तिच्याच १,२२५ किलोच्या गोळ्यासाठी आखलेलं नव्हतं, त्याआधीच्या हलक्या गोळ्यासाठी होतं. तो जड गोळा आखणी झाल्यावर आला.

दुसरं, आयोवा वर्गातली एकही नौका शत्रूच्या बॅटलशिपशी कधीच लढली नाही. स्वच्छ दिवस, २० किमी अंतर, दोघी समोरासमोर. इथे दुर्बीण पुरते. अशा वेळी मी यामातोवर असणं पसंत करीन.

दीपस्तंभ

दोघांचंही वाचतोय. वाचनखूण साठवली. एक प्रश्न: यामातोने आपल्या त्या प्रचंड तोफा शत्रूच्या जहाजांवर प्रत्यक्षात किती वेळा वापरल्या?

अंजनवेल

@दीपस्तंभ, एकदाच. २५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ. समोर अमेरिकेच्या सहा छोट्या विमानवाहू नौका, तीन विनाशिका आणि चार त्याहून लहान संरक्षक नौका. पत्र्याच्या म्हणाव्यात अशा, चिलखत नाहीच. जपानी अ‍ॅडमिरल कुरिताच्या ताफ्यात यामातोसह चार बॅटलशिप्स, शिवाय जड क्रूझर. यामातोने ३० किमीच्याही पलीकडून मारा सुरू केला. तेव्हा जॉन्स्टन, होएल, सॅम्युएल बी. रॉबर्ट्स या चिमुकल्या नौका धूर सोडत थेट चाल करून आल्या आणि टॉर्पेडो सोडले. ते चुकवायला यामातो उत्तरेकडे वळली, टॉर्पेडो दोन्ही बाजूंनी समांतर धावत राहिले, आणि ते संपेपर्यंत ती लढाईपासून दूर गेली. अमेरिकेने गॅम्बिअर बे ही विमानवाहू नौका आणि चाल करून आलेल्या या तिघी गमावल्या. पण कुरिता माघारी फिरला. त्या तीन नौकांवरच्या माणसांनी जे केलं त्याला आरमारी इतिहासात तोड नाही असं मला मनापासून वाटतं.

@वेताळटेकडी, ६५० मिमीच्या पाटीबद्दल. शिनानोसाठी (यामातो वर्गाच्याच नौकेसाठी) बनवलेली तशी एक पाटी युद्धानंतर अमेरिकेने नेली आणि डालग्रेनच्या चाचणी मैदानावर तिच्यावर १६ इंची तोफ झाडली. गोळा आरपार गेला. भोक पडलेली पाटी वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात उभी आहे.

आयोवा लढली नाही हे खरं. पण त्याच पद्धतीच्या रडारवर लढलेल्या तिच्या आधीच्या नौका आहेत ना. नोव्हेंबर १९४२, ग्वादालकनाल, मध्यरात्र. अमेरिकेच्या वॉशिंग्टन या बॅटलशिपने आठ किमीच्या आतून जपानच्या किरिशिमाला गाठलं आणि काही मिनिटांत निकाल लावला. किरिशिमाचं लक्ष साउथ डकोटा या दुसऱ्या अमेरिकी नौकेवर होतं, वॉशिंग्टन तिला दिसलीच नव्हती. मग ऑक्टोबर १९४४, सुरिगाओची सामुद्रधुनी. वेस्ट व्हर्जिनियाने पहाटेच्या काळोखात सुमारे २१ किमीवरून मारा सुरू केला आणि पहिलीच फैर जपानच्या यामाशिरोवर बसली. वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे पर्ल हार्बरला तळाशी गेलेली, चिखलातून उपसून पुन्हा उभी केलेली नौका. बॅटलशिपने बॅटलशिपवर तोफा डागल्या ती ही शेवटची लढाई.

वेताळटेकडी

पाटीची चाचणी मलाही ठाऊक आहे. तिथे गोळा पाटीवर सरळ काटकोनात आणि अगदी जवळून मारला होता. नौकेवर ती पाटी मागे झुकलेली असते आणि गोळा वरून तिरका येतो. लढाईच्या कुठल्याही अंतरावर त्या बुरुजाची समोरची बाजू फोडणं जवळजवळ अशक्यच होतं.

आणि किरिशिमा ही १९१५ची क्रूझर-वंशाची नौका, तिचं चिलखत वॉशिंग्टनपुढे काहीच नव्हतं. यामाशिरोला तर तोफा सुरू व्हायच्या आधीच टॉर्पेडो लागलेले होते. या दोन्ही लढाया रडारची गोष्ट सांगतात, चिलखताची नाही.

वेगाचा मुद्दा मात्र मान्य करतो. आयोवा ३३ नॉट, यामातो २७. सहा नॉटचा फरक म्हणजे किती अंतरावर लढायचं, किंवा लढायचं की नाही, हे आयोवाच ठरवणार.

तारामती

बिस्मार्क नुसती शीर्षकातच राहिली की काय? तिच्याबद्दल मी लिहिते.

आकाराने ती या दोघींच्या मागे. पूर्ण भरलेली ५०,००० टनांच्या आसपास. तिची कीर्ती नऊ दिवसांच्या एका मोहिमेवर उभी आहे. २४ मे १९४१ला डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत तिने ब्रिटिश युद्धनौका हूडला काही मिनिटांत उडवलं. १,४१८ पैकी तिघे वाचले. ब्रिटनमध्ये हूड ही घराघरात ठाऊक असलेली नौका होती, त्या बातमीचा धक्का फार मोठा होता. पण त्याच लढाईत प्रिन्स ऑफ वेल्स या ब्रिटिश बॅटलशिपचे गोळे बिस्मार्कला लागले आणि तेलगळती सुरू झाली. तिथेच मोहीम संपली होती, फ्रान्सच्या बंदरात पळणं भाग पडलं. २६ तारखेला ब्रिटिश विमानवाहू नौका आर्क रॉयलवरच्या स्वोर्डफिश विमानांनी तिला गाठलं. दोन पंखांची, कापड मढवलेली, संथ विमानं. एक टॉर्पेडो सुकाणूपाशी लागला आणि ती गोल गोल फिरू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी किंग जॉर्ज द फिफ्थ आणि रॉडनी या ब्रिटिश बॅटलशिप्सनी पाऊण तासात तिच्या सगळ्या तोफा बंद पाडल्या. तरी ती बुडेना. शेवटी ब्रिटिश क्रूझर डॉर्सेटशायरचे टॉर्पेडो आणि आतून जर्मनांनीच लावलेले स्फोट, दोन्ही झाले. दोन हजारांवर माणसांपैकी सव्वाशेही वाचली नाहीत.

ताकद म्हणाल तर माझ्या मते बिस्मार्क पहिल्या तिघींतही येत नाही. तिचं चिलखत आखायची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या वळणाची होती. तरंगत राहायला उत्तम, पण मारा चालू ठेवायला लागणाऱ्या तारा, नियंत्रण कक्ष, बुरूज हे सगळं लवकर निकामी झालं. फ्रान्सची रिशेल्यू त्याहून कमी वजनात जास्त विचारपूर्वक बांधलेली होती.

इथे मुंबईचा एक धागा जोडते. या पाठलागात आर्क रॉयलसोबत असलेली रिनाउन हीच नौका १७ नोव्हेंबर १९२१ला ब्रिटिश युवराजाला (प्रिन्स ऑफ वेल्सला) घेऊन मुंबईत आली होती. ज्या दिवशी शहरात हरताळ होता आणि पुढे दंगली उसळल्या, तोच दिवस. बिस्मार्कच्या पाठलागात रिनाउनवर निशाण असलेले अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल १९४२मध्ये हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख झाले. आणि डॉर्सेटशायर ५ एप्रिल १९४२ला सिलोनच्या दक्षिणेला जपानी विमानवाहू नौकांच्या विमानांनी बुडवली. त्या हल्ल्यानंतर सॉमरव्हिल आपल्या वेगवान नौका, बॅटलशिप वॉरस्पाइट धरून, मुंबईला घेऊन आले. बाकीच्या जुन्या बॅटलशिप्स पूर्व आफ्रिकेकडे धाडल्या. पाच बॅटलशिप्स हाताशी असून ब्रिटनला बंगालचा उपसागर सोडावा लागला, कारण समोर विमानं होती.

लाँगबीचकर

तारामतीताई, फार छान. रिनाउनचं माहीत नव्हतं.

मी राहतो तिथून आयोवा जवळ आहे, सॅन पेड्रोच्या धक्क्यावर. आकड्यांनी जे कळत नाही ते आत गेल्यावर कळतं. ब्रिजवरच्या (जिथून नौका चालवतात त्या जागेच्या) नियंत्रण मनोऱ्याची भिंत साडेसतरा इंचांची आहे, तिच्या दारातून आत जाताना आपण भिंतीतून चालतोय की बोगद्यातून असं वाटतं. त्यांच्याकडे रूझवेल्टसाठी बसवलेला बाथटबही आहे. १९४३मध्ये तेहरान परिषदेकडे जाताना त्यांचा अटलांटिकचा प्रवास आयोवावरून झाला होता.

एक गोष्ट राहू नये. १९ एप्रिल १९८९ला सरावात हिच्या दुसऱ्या बुरुजात स्फोट होऊन ४७ जण गेले. या तोफांची दारू रेशमी कापडाच्या पिशव्यांत भरलेली असे, एका तोफेला सहा पिशव्या, आणि त्या माणसांनी यंत्राने आत ढकलायच्या. अशा तोफेच्या मागे उभं राहणं किती जोखमीचं होतं हे तिथे उभं राहिलं की जाणवतं.

अवांतर: आयोवा पाहताना मला दर वेळी जुन्या विक्रांतची आठवण येते. २००१ ते २०१२ ती मुंबईत संग्रहालय होती, शाळेच्या सहली जायच्या. २०१४मध्ये दारूखान्यात तिचं भंगार झालं. १९७१च्या युद्धात लढलेली नौका आपल्याला जपता आली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

अंजनवेल

@लाँगबीचकर, विक्रांतबद्दल शंभर टक्के सहमत.

@तारामती, 'समोर विमानं होती' हे वाक्य या सगळ्या वादाच्या मुळाशी जातं. तारखा पाहा. १० डिसेंबर १९४१ला मलायाजवळ जपानी विमानांनी प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश नौका भर समुद्रात, चालत्या अवस्थेत बुडवल्या. ८४० माणसं गेली. बरोबर सहा दिवसांनी, १६ डिसेंबरला, यामातो आरमारात दाखल झाली. तिचा काळ संपल्याचं जपाननेच सिद्ध केलं होतं, तेही ती दाखल व्हायच्या आधी.

आणि दाखल झाल्यावर तिने काय केलं? मिडवेच्या लढाईच्या वेळी जपानी ताफ्याचा प्रमुख यामामोतो याचं निशाण तिच्यावर होतं, पण ती विमानवाहू नौकांच्या शेकडो मैल मागे. ऑगस्ट १९४२पासून पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांच्या तळावर नांगर टाकून. ग्वादालकनालला जपान जिवाच्या आकांताने लढत होता, तिथे हिएई आणि किरिशिमा या जुन्या नौका पाठवल्या आणि दोन्ही गमावल्या. यामातो तेव्हा ट्रुकलाच. इतर नौकांवरचे खलाशी तिला 'हॉटेल यामातो' म्हणायचे. तेल फार प्यायची, आणि गमावायची भीती होती. आयोवा मात्र विमानवाहू नौकांबरोबर धावू शकत होती. त्यांच्याभोवती विमानविरोधी तोफांचं कडं उभं करणं हे तिचं रोजचं काम झालं.

वेताळटेकडी

हे वापरणाऱ्यांच्या निर्णयाबद्दल झालं, नौकेबद्दल नाही. तरी दोघी बहिणींचा शेवट लिहितो, कारण त्यातून नौकेबद्दलही कळतं.

मुसाशी २४ ऑक्टोबर १९४४ला सिबुयान समुद्रात बुडाली. एकोणीसच्या आसपास टॉर्पेडो आणि सतरा बॉम्ब लागल्यावर. इतका मार खाऊन तासन्‌तास तरंगत राहिलेली दुसरी नौका मला माहीत नाही. टॉर्पेडो दोन्ही बाजूंना लागले म्हणून ती बराच वेळ सरळ राहिली. पुढच्या खेपेला अमेरिकी वैमानिकांनी यामातोच्या मुख्यतः डाव्या बाजूवर मारा केला.

७ एप्रिल १९४५. ओकिनावाकडे निघालेली यामातो, सोबत याहागी क्रूझर आणि आठ विनाशिका. वर एकही संरक्षक विमान नाही. बेत असा की ओकिनावाच्या किनाऱ्यावर स्वतःला रुतवायचं आणि तोफखाना म्हणून लढायचं. 'फक्त जाण्यापुरतं तेल दिलं होतं' ही कथा सगळीकडे वाचायला मिळते, पण प्रत्यक्षात टाक्यांत परतण्याइतकं तेल होतं. परत यायचं कुणी धरलं नव्हतं, एवढंच. दुपारी साडेबारानंतर पहिली लाट आली. अकराच्या आसपास टॉर्पेडो, सहा-सात बॉम्ब. ती डावीकडे कलायला लागल्यावर तोल साधायला उजवीकडची इंजिनघरं पाण्याने भरली, माणसं आत असताना. दोन वाजून तेवीस मिनिटांनी ती उलटली आणि दारूकोठारांचा स्फोट झाला. ३,३३२ पैकी सुमारे ३,०५५ जण गेले. अमेरिकेची दहा विमानं आणि बारा माणसं.

बारा विरुद्ध तीन हजार. यात बहुतेक पोरं विशीतली होती. त्यांना पाठवणाऱ्यांना ती परतणार नाहीत हे ठाऊक होतं, आणि त्या निर्णयाला मी शौर्य म्हणणार नाही. शौर्य त्या पोरांचं.

आता नौकेबद्दल. तिच्यावर २५ मिमीच्या विमानविरोधी तोफांच्या दीडशेच्या आसपास नळ्या होत्या, पण पंधरा-पंधरा गोळ्यांची पेटी सारखी बदलावी लागे आणि तोफा वळायलाही मंद. अमेरिकेकडे ४० मिमीच्या बोफोर्स आणि विमानाजवळ आपोआप फुटणारे ५ इंची गोळे. इथे आयोवा कितीतरी पुढे, यात वाद नाही. पाण्याखालचं संरक्षणही यामातोचं कच्चं होतं. डिसेंबर १९४३मध्ये स्केट पाणबुडीचा एक टॉर्पेडो लागला तेव्हा वरच्या आणि खालच्या पट्ट्याचा सांधा आत ढकलला गेला आणि सुमारे ३,००० टन पाणी शिरलं.

तरी समोरासमोर, दिवसाउजेडी, तोफेला तोफ: यामातो. यावर मी ठाम आहे.

दीपस्तंभ

वाचून सुन्न झालो. तिसरी बहीण होती ना? आणि ब्रिटिशांनी इतक्या मोठ्या नौका का नाही बांधल्या?

तारामती

तिसरी शिनानो. मिडवेला विमानवाहू नौका गमावल्यावर तिला मधेच विमानवाहू केलं. १९ नोव्हेंबर १९४४ला दाखल झाली, २९ला आर्चरफिश पाणबुडीच्या चार टॉर्पेडोंनी बुडाली. पाणी अडवणाऱ्या यंत्रणेचं काम अर्धवट होतं, खलाशी नवखे.

ब्रिटनने लायन वर्गाच्या १६ इंची नौका सुरू केल्या होत्या, पण युद्धात पोलाद आणि कामगार विनाशिकांना, मालवाहू जहाजांना हवे होते. कामं थांबली. त्यांच्याऐवजी वेगळी अशी एकच पूर्ण झाली ती व्हॅनगार्ड, १९४६मध्ये, युद्ध संपल्यावर. तिच्या १५ इंची तोफा पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या. करेजिअस आणि ग्लोरिअस यांना विमानवाहू केलं तेव्हा काढून ठेवलेल्या. समुद्रात चालायला ती आयोवापेक्षाही स्थिर होती म्हणतात. १९६०मध्ये भंगारात गेली. अमेरिकेनेही मोंटाना वर्ग, बारा १६ इंची तोफांचा, १९४३मध्ये रद्द केला. तो झाला असता तर वेताळटेकडींना प्रतिस्पर्धी मिळाला असता.

अंजनवेल

मोंटाना आणि यामातो ही तुलना मला आवडली असती. मोंटाना २८ नॉटची होती, म्हणजे वेगाचा माझा मुद्दा तिथे गळून पडतो.

आयोवांचं पुढचं आयुष्य कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. २ सप्टेंबर १९४५ला जपानची शरणागती आयोवा वर्गातल्याच मिझुरीच्या डेकवर झाली. कोरियाच्या युद्धात वर्गातल्या चौघीही होत्या, व्हिएतनामला न्यू जर्सी. ऐंशीच्या दशकात चौघींना पुन्हा बाहेर काढून प्रत्येकीवर ३२ टॉमहॉक आणि १६ हार्पून क्षेपणास्त्रं बसवली. १९९१च्या आखाती युद्धात मिझुरी आणि विस्कॉन्सिन यांनी टॉमहॉकही सोडली आणि १६ इंची तोफाही चालवल्या. कुवेतच्या फैलाका बेटावर विस्कॉन्सिनचं टेहळणी ड्रोन घिरट्या घालायला लागलं की पुढे तोफगोळे येतात हे इराकी सैनिकांना कळून चुकलं होतं, ते त्या ड्रोनलाच शरण गेले. मिझुरी मार्च १९९२मध्ये निवृत्त झाली. आता ती पर्ल हार्बरला आहे, न्यू जर्सी कॅम्डेनला, विस्कॉन्सिन नॉरफोकला.

कुणी जपानला जाणार असेल तर कुरेच्या संग्रहालयात यामातोची एक दशांश प्रतिकृती आहे, २६ मीटर लांब. योकोसुकाला त्सुशिमाच्या (१९०५च्या) लढाईतली युद्धनौका मिकासा आहे. वेताळटेकडी, तुम्ही सुरिगाओच्या लढाईवर स्वतंत्र धागा काढा. यामाशिरोची बाजू तुमच्याइतक्या आस्थेने इथे दुसरं कुणी मांडणार नाही.

वेताळटेकडी

काढतो. आधी तिथल्या जपानी अ‍ॅडमिरल निशिमुराच्या ताफ्याच्या हालचालींच्या वेळा नीट जुळवून घेतो. तोवर चिलखतावर कुणाला बोलायचं असेल तर मी इथेच आहे.